दोन फासे आणि छत्तीस दानें



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत मी शाळेच्या मागील बाजूस सहज गेलों असतां पाण्याच्या टांकीजवळ, भिंतीलगत, पांच-सहा मुलें उकिडवीं बसलेलीं दिसलीं. माझी चाहूल लागतांच एकानें कांहीं तरी मुठींत लपविलें आणि बाकीचीं उगाच आकाशाकडे पाहूं लागलीं. मूठ उघडावयास सांगितल्यावर तींतून दोन लहानसे फासे निघाले. जमिनीवर चिंचोक्यांचे ढीग होतेच. मुलें शिक्षेची वाट पाहत उभीं राहिलीं. मी त्यांच्या शेजारीं खालीं बसलों व म्हणालों, "मलाहि शिकवा पाहूं हा खेळ."

मुलांनीं तो मोठ्या उत्साहानें शिकविला. त्यांना हें ठाऊक नव्हतें कीं, हाच खेळ मी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं शिकलों होतों, आणि त्याची जी किंमत द्यावी लागली ती मी अद्याप विसरलों नाहीं. खरें सांगावयाचें तर ती किंमत मीं दिली नाहीं. माझ्या एका मित्रानें दिली. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहिलें, तें आज आपल्या वार्षिकाच्या पानांतून सांगत आहें.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. आपल्याकडील सारीपाटाचे फासे लांबट असतात व ते सोंगट्या चालविण्यासाठीं टाकावयाचे असतात. या खेळांत पट नाहीं, सोंगट्याहि नाहींत. सहा बाजूंचे दोन फासे, एक भिंत आणि चार मित्र एवढ्यावर सारें भागतें. याचें नांव 'क्रॅप्स'. इंग्लंडांत 'हॅझर्ड' म्हणून फाशांचा एक जुना खेळ होता. त्यांतील सर्वांत हलक्या दानास 'क्रॅब्स' म्हणजे खेकडे म्हणत, व त्या शब्दावरूनच क्रॅप्स हें नांव आलें असें सामान्यतः मानतात. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहरीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्नार्ड द मारिन्यी नांवाच्या धनाढ्य जमीनदारामुळें हा खेळ प्रसिद्धीस आला. या गृहस्थास त्याचें एवढें वेड होतें कीं, आपल्या जमिनीवर वसविलेल्या वस्तींतील एका रस्त्यास त्यानें या खेळाचेंच नांव दिलें. पुढें तो बोटींवर, गोद्यांत आणि गल्लीबोळांत पसरला. दुसऱ्या महायुद्धांत (1939-1945) अमेरिकन सैनिक जमिनीवर लष्करी घोंगडी पसरून तो खेळत असत.

आतां नियम सांगतों. ज्याच्या हातीं फासे असतील त्यास आपण 'फेकणारा' म्हणूं. तो आपली बाजी जमिनीवर ठेवतो. बाकीच्यांपैकीं एकानें किंवा अनेकांनीं मिळून तितकीच बाजी समोर ठेवावयाची. मग फासे असे फेकावयाचे कीं, ते भिंतीवर आपटून मागें यावेत. हाताच्या चलाखीनें हवें तें दान पाडतां येऊं नये, हा यांतील हेतु. दोन्ही फाशांवरील ठिपक्यांची बेरीज म्हणजे दान. पहिल्याच फेकींत 7 किंवा 11 पडले, तर फेकणारा जिंकला. 2, 3 किंवा 12 पडले, तर तो हरला. 4, 5, 6, 8, 9, 10 यांपैकीं एखादें दान पडलें, तर तो आंकडा त्याचा 'पॉइंट' झाला. मग त्यानें फेकत राहावयाचें. तो आंकडा आधीं पुन्हां पडला तर तो जिंकतो. 7 आधीं पडले तर तो हरतो आणि फासे शेजाऱ्याच्या हातीं जातात. पहिल्या फेकीस जो सात मित्र असतो, तोच दुसऱ्या फेकीपासून शत्रु बनतो, हीच या खेळाची मौज. याखेरीज भोंवतालचे बघे "पॉइंट येईल," "येणार नाहीं," अशा आपसांत वेगळ्या बाज्या लावतात. या पोटबाज्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें त्यांच्याशीं काम पडणार आहे.

मी महाविद्यालयांत गणित घेऊन शिकत होतों, तेव्हां वसतिगृहांत राहत असें. आमच्यापैकीं एकाचा मामा कोंकणांतला. मालवाहू जहाजावर खलाशी होता. अमेरिकेच्या एका बंदरांत तो हा खेळ शिकला आणि सुटीवर आला तेव्हां भाच्याला फासे व खेळ दोन्ही देऊन गेला. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे जिन्याखालच्या मोकळ्या जागेंत आम्ही चौघे जमत असूं. बाजी लागे ती चिंचोक्यांची. एक जण फासे मुठींत घेऊन त्यांवर फुंकर घाली. दुसरा नेहमीं डाव्या हातानेंच फेकी. हरलेल्याची थट्टा होई. आणि झोपण्याची वेळ झाली म्हणजे सगळ्यांचे चिंचोके पुन्हां एकाच डब्यांत जात. त्या एका डब्यांत परत जाण्यांतच आमच्या खेळाचा सारा निर्दोषपणा होता, हें तेव्हां कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. एके रात्रीं कोणी तरी म्हणालें, "चिंचोक्यांना काय किंमत? एकेक रुपया लावूं या." तें म्हणणारा मीच होतों, असें मला आतां स्पष्ट आठवतें.

येथें गोष्ट थोडी थांबवून आपण फळ्याकडे वळूं.

एक फासा तांबडा व दुसरा पांढरा आहे असें समजा. तांबड्यावर सहांपैकीं कोणताहि आंकडा पडूं शकतो, आणि त्या प्रत्येकाबरोबर पांढऱ्यावरहि सहांपैकीं कोणताहि पडूं शकतो. म्हणून कागदावर सहा आडव्या व सहा उभ्या ओळींचा चौकोन आंखला तर 36 घरें होतात. फासे खरे असतील तर या 36 घरांपैकीं प्रत्येक घराचा संभव सारखाच. आतां घराघरांत बेरीज मांडा. 2 हें दान एकाच घरांत येतें, 3 दोन घरांत, 4 तीन घरांत, 5 चार घरांत, 6 पांच घरांत आणि 7 सहा घरांत. पुढें पायऱ्या उतरतात: 8 पांच घरांत, 9 चार, 10 तीन, 11 दोन आणि 12 पुन्हां एका घरांत. सातांस सर्वांत जास्त घरें कां? तर तांबड्यावर कांहींहि पडो, सात पुरे करणारा एक आंकडा पांढऱ्यावर असतोच असतो. बाकीच्या कोणत्याहि दानाचें तसें नाहीं.

आतां खेळ कितपत बरोबरीचा आहे तें पाहूं. अपूर्णांक टाळण्यासाठीं 1980 डाव घेऊं आणि प्रत्येक दान आपल्या घरांच्या प्रमाणांत पडलें असें मानूं. 7 व 11 मिळून 36 पैकीं 8 घरें. म्हणून 440 डाव फेकणारा तत्काळ जिंकतो. 2, 3 व 12 मिळून 4 घरें. म्हणून 220 डाव तो तत्काळ हरतो. पॉइंट 4 होतो तो 165 डावांत. पुढें 4 चीं 3 घरें आणि 7 चीं 6 घरें यांचीच झुंज. म्हणून त्यांतील तिसरा हिस्सा, म्हणजे 55 डाव, तो जिंकतो. 10 चें गणित हुबेहूब तसेंच. पॉइंट 5 होतो 220 डावांत. तेथें 4 घरांची 6 घरांशीं झुंज, म्हणून जिंकलेले डाव 88. 9 चेंहि तसेंच. पॉइंट 6 होतो 275 डावांत. तेथें 5 घरांची 6 शीं झुंज, म्हणून जिंकलेले डाव 125. 8 चेंहि तितकेच. बेरीज करा: 440, दोनदां 55, दोनदां 88 आणि दोनदां 125, मिळून 976. म्हणजे 1980 डावांत फेकणारा 976 जिंकतो व 1004 हरतो. फरक अवघा 28 डावांचा. शंभर रुपयांच्या बाजीमागें सुमारें 1 रुपया 41 पैसे. फासे पाळीपाळीनें सर्वांच्या हातीं येत असल्यामुळें हा लहानसा तोटाहि वांटला जातो. मुख्य बाजीपुरता खेळ मित्रामित्रांत जवळजवळ समसमान आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु पोटबाजीची गोष्ट निराळी आहे. पॉइंट 4 असतांना "4 येईल" असें म्हणणारा तीन वेळांतून एकदांच जिंकणार. म्हणून न्यायाची बाजी अशी कीं, त्याच्या 1 रुपयासमोर दुसऱ्यानें 2 ठेवावे. 5 किंवा 9 असतां 2 रुपयांसमोर 3, आणि 6 किंवा 8 असतां 5 रुपयांसमोर 6. जो 4 वर किंवा 10 वर रुपयास रुपया लावतो, तो दर तीन रुपयांमागें सरासरीनें एक रुपया समोरच्याच्या हातांत घालतो. त्याला कोणी फसवीत नाहीं, फासे खोटे नसतात, भिंतहि खरी असते. फक्त एकास मोजतां येतें आणि दुसऱ्यास येत नाहीं.

आतां जिन्याखालच्या त्या जागेकडे परत जाऊं.

आमच्या चौघांतील एक मित्र फार गरीब होता. वडील नव्हते, आई तालुक्याच्या बाजारांत भाजी विकी. तो भाषा व इतिहास घेऊन शिकत होता आणि त्याचें अक्षर मोत्यासारखें होतें. फाशांविषयीं त्याची एक ठाम समजूत होती. बराच वेळ एखादें दान पडलें नाहीं, म्हणजे "आतां त्याची पाळी आली," असें तो म्हणे. फासे कांहीं पंगतीस बसलेले पाहुणे नव्हेत कीं, कोणास वाढावयाचें राहिलें याची त्यांनीं आठवण ठेवावी. दहा वेळां सात पडले नसले, तरी अकराव्या वेळीं सातांस घरें सहाच; दहा वेळां लागोपाठ पडले असले, तरीहि सहाच. फाशांस स्मृति नसते. आठवण असते ती खेळणाऱ्यास. परंतु माझ्या मित्राला हें कोणीं सांगितलें नव्हतें. तो हौसेनें म्हणे, "चार किती वेळांत आला नाहीं! या खेपेस येणारच. लाव रुपयास रुपया." आणि मी लावीत असें.

मला 36 घरें ठाऊक होतीं. त्याच वर्षीं आमच्या वर्गांत तीं शिकविलीं होतीं. पुस्तकाच्या समासांत मीं पेन्सिलीनें तीं आंखलीहि होतीं. तरी मी गप्प राहिलों. मनाची समजूत अशी घातली कीं, मी कांहीं खोटें बोलत नाहीं, तोच आपण होऊन बाजी लावतो.

परीक्षेच्या अर्जांचे दिवस होते. एके रात्रीं एकाचे दोन, दोनाचे पांच आणि पांचाचे दहा झाले. उठावयाच्या वेळीं त्या मित्राच्या खिशांत कांहीं उरलें नव्हतें. त्यानें हंसून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझें नशीब मोठें बुवा!" मी हंसलों. दुसऱ्या दिवशीं तो दुपारच्या जेवणास आला नाहीं, रात्रींहि आला नाहीं. खलाशाच्या भाच्याकडून मला कळलें कीं, हरलेले पैसे त्याच्या परीक्षेच्या फीचे होते. आईनें ते चार दिवसांपूर्वींच पाठविले होते.

मी पैसे घेऊन त्याच्या खोलीवर गेलों. तो घेईना. म्हणाला, "हरलों तें हरलों. जिंकलों असतों तर मीं परत दिले असते कां?" तेव्हां मला दुसरा मार्ग सुचेना. मीं कागद घेतला, 36 घरें आंखलीं, आणि चारांचीं तीन व सातांचीं सहा त्याला मोजून दाखविलीं. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग मान वर न करतां त्यानें विचारलें, "हें तुला खेळण्याच्या आधींपासून ठाऊक होतें?"

मीं "होय" म्हटलें. त्यानें पैसे मोजून घेतले व दार लोटून घेतलें. फी वेळेवर भरली गेली आणि तो पास झाला. परंतु त्या वर्षअखेरपर्यंत तो माझ्याशीं कामापुरतेंच बोलला. त्या प्रश्नाचें उत्तर याहून निराळें देतां आलें असतें तर किती बरें झालें असतें, असें मला अजूनहि वाटतें.

आणखी एक सिद्धांत मला पुढें शिक्षक झाल्यावर नीट उमगला. समजा, पोटबाजी मुळींच नाहीं आणि खेळ अगदीं समसमान आहे. एकाजवळ 1 रुपया व दुसऱ्याजवळ 3 रुपये आहेत. दर डावास एक रुपया लावावयाचा आणि एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळावयाचें. पहिल्याच डावांत लहान खिशाचा गडी हरण्याचा संभव निम्मा; हरला कीं तो संपला. जिंकला तर दोघांजवळ दोन-दोन होतात, आणि तेथून पुढें दोघांचा संभव सारखा. म्हणजे निम्म्याचा निम्मा: लहान खिशाचा गडी सगळे पैसे घेऊन उठण्याचा संभव चारांत एक, आणि रिकाम्या हातांनीं उठण्याचा चारांत तीन. एकाजवळ 1 आणि समोर 9 असतील तर दहांत नऊ वेळां लहान खिसाच रिकामा होणार. बाजी लहान लावा, मोठी लावा. खेळ समसमान असेल आणि खिसा रिकामा होईपर्यंत चालणार असेल, तर हें प्रमाण बदलत नाहीं. खेळ निःपक्षपाती असूनहि सोबत्यांत जो सर्वांत गरीब, त्याच्यावरच आधीं उठण्याची पाळी येण्याचा संभव अधिक. आम्ही तिघे मिळून त्या एकट्यासमोर बसलों होतों; त्यांत पुन्हां मोजतां येणारा मी. हल्लीं हेच फासे मोबाइलच्या पडद्यावरहि फिरतात. तेथें समोरचा खिसा केवढा आहे तें दिसतहि नाहीं. म्हणून हा सिद्धांत तेथें अधिकच आठवावा.

येथें कोणी म्हणेल कीं, असल्या खेळाचें गणित तरी मुलांना कशास? त्यास माझें उत्तर असें आहे. युरोपांत हें शास्त्र फाशांपासूनच जन्मास आलें. तीन फाशांची बेरीज 9 होण्याच्या तऱ्हा सहा आणि 10 होण्याच्याहि सहा. मग खेळणाऱ्यांच्या अनुभवास 10 अधिक वेळां कां येतात? हा प्रश्न गॅलिलिओपुढें आला. त्यानें 216 घरें मोजून दाखविलें कीं, 9 चीं घरें 25 आणि 10 चीं 27 आहेत. पुढें 1654 सालीं पास्कल व फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनीं, अर्धवट सोडलेल्या खेळांतील बाजीची न्याय्य वांटणी कशी करावी, याविषयीं पत्रव्यवहार केला. त्यांतून उगवलेलें शास्त्र आज विम्याचे हप्ते ठरवितें आणि औषधाचा गुण आला कीं नाहीं याची परीक्षा करतें. चिखलांतून कमळ यावें तसा हा प्रकार आहे.

आपल्या महाभारतांतील वनपर्वांत नळराजाची कथा आहे. तो द्यूतांत राज्य हरला आणि वेष पालटून ऋतुपर्ण राजाचा सारथि झाला. प्रवासांत ऋतुपर्णानें वाटेवरच्या एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती आहेत तें नुसतें पाहून सांगितलें. नळानें रथ थांबवून मोजून पाहिलें, तों संख्या बरोबर निघाली. तेव्हां ऋतुपर्णानें त्याला फाशांची व मोजण्याची विद्या दिली, आणि त्याच्याकडून घोड्यांची विद्या घेण्याचें ठरविलें. ही विद्या अंगीं येतांच नळाच्या देहांतून कलि बाहेर पडला. लहानपणीं मी ही कथा घोड्यांसाठीं वाचीत असें. आतां मला तिच्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. ज्याला मोजतां येत होतें, त्यानें तें हरलेल्या माणसास शिकविलें. मीं जें करावयास हवें होतें, तें ऋतुपर्णानें केलें.

विद्यार्थ्यांनो, वर्गांत तुम्ही जें जें शिकतां, तें तें कोणा ना कोणा सोबत्यास ठाऊक नसतें. तें त्याला सांगावें, कीं त्याच्या अज्ञानावर आपली बाजी लावावी, हा प्रश्न फाशांपुरता नाहीं. उद्यां दुकानांत, कचेरींत, शेताच्या सौद्यांत, कर्जाच्या कागदावर तोच तुमच्यासमोर येईल. त्या वेळीं तुमच्या तोंडून एक शब्दहि खोटा निघाला नसेल, आणि तरीहि कोणाचें तरी जेवण चुकलेलें असेल.

पालकांस एक विनंति आहे. आपल्या मुलाच्या खिशांत फासे सांपडले, तर ते चुलींत टाकून विषय संपवूं नये. पैसे लावून रस्त्यावर खेळणें हा 1887 च्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे गुन्हा आहे, हें त्याला अवश्य सांगावें. परंतु त्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावें आणि 36 घरें आंखून घ्यावीं. बंदी मोडण्याचा मोह मुलास होऊं शकतो. एकदां मोजलेलीं घरें मात्र सहसा विसरतां येत नाहींत.

त्या दिवशीं घंटा झाल्यावर वर्गाकडे जातां जातां फासे लपविणाऱ्या मुलानें मला हळूच विचारलें, "सर, मग चिंचोक्यांनीं खेळलों तर चालेल?"

मीं म्हटलें, "चालेल. फक्त डबा सर्वांचा एकच असूं द्या."